वेणीमाधवरावांचे सात प्रश्न

कमलाकरपंत वकिलांच्या कचेरीत टाइपरायटर आला तो खंडेनवमीला. दर वर्षी या दिवशी कचेरीत हत्यारांची पूजा व्हायची आणि हत्यारं म्हणजे वेणीमाधवरावांची दौत, लेखणी आणि कागद कापायची सुरी. यंदा ती तिन्ही पाटाच्या कडेला सरकवली होती. मध्ये यंत्र बसलं होतं, गळ्यात झेंडूची माळ घालून.

"वेणीमाधवराव, कचेरीत सगळ्यांत जुने तुम्ही," वकीलसाहेब म्हणाले. "नारळ तुमच्याच हातचा."

वेणीमाधव मंगळवेढेकर एकवीस वर्षं त्या कचेरीत नकला उतरवत होते. मोडी, बाळबोध आणि इंग्रजी. इंग्रजी त्यांना फारसं समजत नसे, पण काढायचे असं सुरेख की एका गोऱ्या जज्जसाहेबानं हे छापील तर नाही ना म्हणून कागद उलटा करून पाहिला होता.

नारळ एका फटक्यात फुटला. यंत्राबरोबर पुण्याहून आलेला तरुण टाइपिस्ट वेणीमाधवरावांच्या जागेवर बसला. त्यांना जी नक्कल करायला तीन तास लागत, ती त्यानं प्रसाद वाटून होईपर्यंत काढली. एक नाही, एकदम तीन.

वकीलसाहेब चष्मा पुसायला लागले. ते चष्मा पुसायला लागले की पक्षकार ओळखायचे, खटला गेला. वेणीमाधवरावांनी हे एकवीस वर्षं बघितलं होतं.

"दिवाळीपर्यंत तुम्ही आहातच," वकीलसाहेब म्हणाले.

"आणि दिवाळीनंतर?"

वकीलसाहेबांनी दुसरी काच पुसायला घेतली.

वेणीमाधवराव अर्धा नारळ घेऊन घरी आले. पूर्वी ते घरी आले की यशोदाबाई पाण्याचा तांब्या पुढे करून एकच विचारायच्या, "आज काय काय लिहिलंत?" मग ते सांगत. कुणाच्या विहिरीचा वाद, कुणाची भिंत एक वीत पुढे आली. ऐकताना भाकरी करपायची. यशोदाबाई जाऊन आता दोन वर्षं झाली होती. पाणी अजून मिळायचं, मुलगी प्रभा द्यायची. पण ते कुणी विचारत नव्हतं आणि न विचारता सांगायची त्यांना सवय नव्हती.

त्यामुळे नोकरी गेल्याचं घरात कळलं ते नारळावरून.

"नारळ कशाचा रे?" त्यांची थोरली बहीण मथुराक्का म्हणाली.

"यंत्र आलंय कचेरीत. नकला काढायचं."

मथुराक्का माढ्याची. नवरा गेल्यापासून भावाकडेच होती. यंत्रातलं तिला काही कळत नव्हतं, पण भावाचं तोंड वाचता येत होतं. तिनं खोवणी खाली ठेवली. "मग तू काय करणार?"

"माळशिरसला सदाशिवकडे जायचं. दुसरं काय?"

सदाशिव हा चुलतभाऊ. त्याची उसाची शेती होती आणि त्यानं कधीचंच लिहून ठेवलं होतं, 'गुरं मोजायला घरचा माणूस असला तर बरं.' वेणीमाधवरावांना गुरांचं वावडं नव्हतं. पण सोलापुरातलं हे दोन खोल्यांचं घर सोडायचं म्हणजे यशोदाबाईंची चूल सोडायची, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या ओसरीवर बसायचं. ते त्यांना नको होतं. हातात वीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी ते गैबीसाबाच्या दुकानी गेले. गैबीसाब कोर्टाच्या वह्या बांधायचा. दोघं एका शाळेत, एका बाकावर, एकाच मास्तरांची छडी खाल्लेले.

"काम मागायला निघालाय व्हय, वेणू?" गैबीसाब खळ ढवळत म्हणाला. "मागू नको. तू काम मागितलं की माणूस दार लावतो. तू नुसतं विचार की, बाबा रे, तुझं काम कसं असतं? स्वतःच्या कामाचं बोलायला लागला की माणूस चहा पाजल्याबिगर सोडत न्हाई. दहा जणांना विचार. मग ठरव, आपल्याला काय जमल."

"आणि विचारायचं कुणाला?"

"कवळ्या पोरांना. नवीन लागल्यालं पोरगं खरं बोलतं. म्हातारा झाला की तुझ्यासारखं बोलतो, आमच्या टायमाला जज्जसाहेबानं कागद उलटा केला."

हे वेणीमाधवरावांना पटलं. गैबीसाबानं एक कोरी वही दिली. त्यांनी रात्रीच्या जेवणाआधीच पहिल्या पानावर प्रश्न लिहून काढले. कामाला किती वाजता जाता. वरिष्ठ स्वभावानं कसे आहेत. पगार वेळेवर होतो का. या कामानं प्रकृतीला काही अपाय. पुढे चढायला जागा आहे का. हे काम सोडावंसं कधी वाटलं. सहा झाले. मग लेखणी थोडा वेळ तशीच धरून त्यांनी सातवा लिहिला: संध्याकाळी घरी गेल्यावर आजच्या कामातलं काय सांगता, आणि कुणाला?

तीन दिवसांची रजा काढून, ठेवणीतला कोट आणि टोपी घालून ते निघाले.

पहिला गाठला एकनाथ. हा एका दवाखान्यात कंपाउंडर होता. चोवीस वर्षांचा, आईला एकुलता एक. वेणीमाधवरावांनी बाकावर बसून वही उघडली आणि विचारलं, "आपण सकाळी किती वाजता जाता?" एकनाथनं त्यांच्या कोटाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि हातातली बाटली खाली ठेवून केस सारखे केले. वेणीमाधवरावांना वाटलं, किती नम्र मुलगा! सातव्या प्रश्नाला तर तो कानापर्यंत लाल झाला.

"सांगायला अजून तसं कोणी नाही," तो म्हणाला.

"होईल, होईल," वेणीमाधवराव समजुतीनं म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

दुसरा श्रीपाद, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला. त्यानं त्यांना चहा पाजला, वर स्वतःहून जन्मवेळ सांगितली. रेल्वेतला माणूस, वेळ सांगायची सवय असेल, असं वेणीमाधवरावांना वाटलं. तिसरे नरहरी मास्तर. त्यांनी प्रश्न संपायच्या आत स्वतःचं गोत्र सांगितलं. मास्तर लोक विचारल्यापेक्षा जास्त सांगतात, हेही त्यांनी वहीत लिहिलं.

शेवटी ते भुसार पेठेत चनबसप्पांच्या अडतीवर गेले. मुनीमाचं काम कसं असतं ते बघायला. चनबसप्पा साठीचे, अंगानं पोत्यासारखे भक्कम. त्यांना हे प्रश्नच इतके आवडले की मुनिमाला बाजूला सारून सगळी उत्तरं त्यांनी स्वतः दिली. सातव्याला म्हणाले, "घरी जाऊन काय सांगायचं, रावसाहेब? तीन पोरी हायत. त्या बोलत्यात, मी ऐकतो." या गडबडीत वेणीमाधवरावांची छत्री अडतीवरच राहिली.

एवढं फिरून त्यांच्या लक्षात आलं की यातलं एकही काम आपल्याला जमणार नाही. औषधांचा वास सोसवणार नाही, पार्सलं उचलवणार नाहीत, मुलांना ओरडणं येणार नाही आणि धान्याच्या धुळीनं शिंका येतात. दिवाळी बारा दिवसांवर आली होती. त्यांनी सदाशिवला पत्र लिहायला घेतलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली नव्हती. दसरा झाला की सोलापुरात मुलीचे बाप घराबाहेर पडतात. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू. अशा दिवसांत लग्नाच्या मुलीचा बाप ठेवणीतला कोट घालून बिनलग्नाच्या मुलाला पगार, प्रकृती आणि वरिष्ठांचा स्वभाव विचारतो, तेव्हा तो काय विचारतो हे शहाण्याला सांगावं लागत नाही. आणि प्रभा सतराची होती.

रविवारी सकाळी प्रभा अंगणात रांगोळी काढत होती. एक बाई, एक तरुण आणि पेढ्यांचा पुडा असे तिघे दारात उभे राहिले.

"मंगळवेढेकरांचं घर हेच ना?" बाई म्हणाल्या. "मी गिरिजाबाई. एकनाथची आई. म्हटलं, तुम्ही एवढी आस्थेनं विचारपूस करून गेलात, आम्हीच येतो की बघायला."

वेणीमाधवरावांना वाटलं, दवाखान्यात जागा निघाली! "या, या!" ते धावत पुढे गेले. "मी वाटच बघत होतो. मला जमेल असं वाटतंय का तुम्हाला?"

"न जमायला काय झालं?" गिरिजाबाई म्हणाल्या. "पत्रिका आणलीय."

वेणीमाधवराव जागीच थांबले. कंपाउंडरच्या जागेला पत्रिका लागते हे त्यांनी ऐकलं नव्हतं. मथुराक्काला मात्र एका क्षणात सगळं समजलं. ती आत जाऊन देवापुढे साखर ठेवून आली आणि पोहे भिजवायला घेतले.

पोहे परतायच्या आत दारात टांगा थांबला. त्यातून श्रीपाद, त्याचे वडील अंबादासपंत आणि त्याची आत्या उतरले.

"वेण्या," मथुराक्का दाराआडून कुजबुजली, "तू किती जणांना बोलावून ठेवलायस रे?"

"मी कुणालाच बोलावलं नाही, आक्का! मी फक्त कामाचं विचारत होतो!"

"काय काय विचारलंस?"

त्यांनी वही दाखवली. मथुराक्काला अक्षरओळख होती. तिनं बोट फिरवत सातही प्रश्न वाचले आणि कपाळावर हात मारला. "हे कामाचं व्हय? अरे, माझ्या लग्नाच्या वेळी दादांनी याच्या निम्मंसुद्धा विचारलं नव्हतं!"

तेवढ्यात नरहरी मास्तर आले. त्यांना माणसं नव्हती, म्हणून ते प्रशस्तिपत्रकांची सुरळी घेऊन एकटेच आले होते. आता बाहेरच्या खोलीत सात माणसं बसली होती, सतरंजी चारांची होती आणि पोहे तीन बशा होते. अंबादासपंतांनी गिरिजाबाईंकडे बघितलं. गिरिजाबाईंनी पेढ्यांचा पुडा स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.

"आधी आम्ही आलोय," त्या म्हणाल्या.

"आम्ही टांग्यानं आलोय," अंबादासपंत म्हणाले.

या गोंधळात प्रभाला बाहेर आणून पाटावर बसवलं. गिरिजाबाईंनी नंबर पहिला म्हणून सुरुवात केली. "काय काय येतं गं तुला, बाळ? पुरणपोळी येते?"

"येते," प्रभा म्हणाली. मग तिनं वडिलांच्या हातातली वही घेतली. "मी पण विचारू का?"

कुणी हो म्हणायच्या आत तिनं पहिलं पान उघडलं. "सुनेचं काम तुमच्याकडे किती वाजता सुरू होतं?"

प्रभानं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

"वरिष्ठ स्वभावानं कसे आहेत?"

"वरिष्ठ म्हणजे?" गिरिजाबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही."

एकनाथला ठसका लागला. आत मथुराक्कानं पदर तोंडात धरला.

"पुढे चढायला जागा आहे का?" प्रभा म्हणाली.

"आहे की," श्रीपादची आत्या पटकन म्हणाली. "सासू व्हायचं. पण त्याला पंचवीस वर्षं लागतात."

अंबादासपंत उठले. "मंगळवेढेकर, ही काय पद्धत झाली? तीन तीन मुलं एका वेळी बोलावता आणि वर मुलगी उलट प्रश्न करते!"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. वेणीमाधवराव हात जोडून उभे राहिले. "मी स्थळ बघायला आलोच नव्हतो. माझी नोकरी गेली. दिवाळीनंतर मी बेकार आहे. तुमच्या मुलांची कामं मला जमतील का, एवढंच बघत होतो. विश्वास नसेल तर वही वाचा."

अंबादासपंतांनी वही घेतली. त्यांना खोटं पकडायचं होतं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "'श्रीपाद. काम मन लावून. वरिष्ठ तापट, पण अन्याय नाही. पुढच्या महिन्यात जेऊरला बदली, तार शिकायला स्वतः मागून घेतली. वडिलांना अजून सांगितलेलं नाही, ते रागावतात.'" ते थांबले. "जेऊरला? मागून घेतली?"

"सांगणारच होतो," श्रीपाद म्हणाला.

"बघू, बघू," म्हणत गिरिजाबाईंनी वही ओढली. "'एकनाथ. स्वभाव मऊ, हात स्वच्छ. रक्त पाहिलं की घेरी येते, दोनदा पडला. पुस्तकांच्या दुकानात काम आवडेल.' एकनाथ! तू पडलास?"

"दोनदा, आई."

"आणि मला कसं सांगितलं नाहीस?"

"तू विचारतेस जेवलास का. मी जेवलेला असतो."

नरहरी मास्तरांनी स्वतःचं पान स्वतःच वाचलं. कुणाला दाखवलं नाही. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "अगदी बरोबर आहे," आणि सुरळी पुन्हा बांधली.

"मी म्हटलं, छत्री द्यावी," दारातून आवाज आला. चनबसप्पा केव्हापासून उभे होते कोण जाणे. खोलीत जागा नव्हती म्हणून ते उंबऱ्यावरच बसले आणि छत्री गुडघ्यावर आडवी ठेवली. "रावसाहेब, ह्या पोरांच्या आईबापांना जे म्हाईत न्हाई, ते तुमी तीन दिवसांत काढलं?"

"मी काही काढलं नाही. विचारलं, त्यांनी सांगितलं."

"तेच की! माझ्या धाकटीला अक्कलकोटचं स्थळ आलंय. मधला माणूस म्हणतो, पोराचं कापडाचं दुकान हाय. मधल्या माणसाला काय, लाडू खायचा असतोय. माझे दोन मेव्हणे जाऊन आले. त्यांनी काय बघितलं, तर घराला दारं किती. पोराला कुणी काय विचारलंच न्हाई." त्यांनी छत्री पुढे केली. "तुमी जावा. हेच सात प्रश्न विचारा. खरं काय ते लिवून आणा. त्याचं काय असंल ते मी दीन. मुनीम म्हणून न्हाई. ह्याच कामाचं."

वेणीमाधवरावांनी छत्री घेतली. अंबादासपंत अजून उभेच होते. ते सावकाश खाली बसले. "माझ्या भाचीचं एक स्थळ आहे बार्शीला," ते म्हणाले. "अक्कलकोटहून आलात की बघाल?"

पोहे शेवटी सगळ्यांना पुरले. पेढेही निघाले.

वेणीमाधवराव अक्कलकोटला दोन दिवस राहिले. दुकान मुलाचं नव्हतं, मालकाचं होतं. पण मालक दुपारी झोपतो आणि दुकान हा मुलगाच चालवतो, हे त्यांनी तिथे बसून पाहिलं. त्यांनी आपल्या अक्षरात चार पानं लिहून आणली: 'दुकान त्याचं नाही. तो दुकानाचा आहे. खोटं मधला माणूस बोलला, मुलगा बोलला नाही. सातव्या प्रश्नावर म्हणाला, दिवसभर कापड दाखवून घसा बसतो, पण ऐकणारं कुणी असलं तर सांगीन.' चनबसप्पांनी पानं मुनिमाकडून दोनदा वाचून घेतली. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त धरला आणि लग्नात वेणीमाधवरावांना स्वतःच्या शेजारी बसवलं.

त्यानंतर काम थांबलं नाही. बार्शी झाली, माढा झालं. गैबीसाबानं दुकानातला खळीचा डबा हलवून त्यांना खिडकीजवळ जागा करून दिली. त्याच्या मुलीला, साबेराला, जेऊरच्या रेल्वेतल्या एका मुलाचं स्थळ आलं, तेव्हा तो म्हणाला, "वेणू, दोस्तीत गोड लिवू नको हां. कडू असलं तर कडू लिव." वेणीमाधवरावांनी लिहिलं, मुलगा चांगला आहे, विडी ओढतो. विडी सुटली आणि मग निकाह ठरला. जेऊरची माहिती तारेवर बसलेल्या श्रीपादनं पुरवली होती. एकनाथ आता नवी पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानात होता आणि गिरिजाबाई रोज संध्याकाळी त्याला विचारायच्या, आज काय काय विकलंस.

मार्गशीर्षात एका दुपारी कमलाकरपंत वकील स्वतः गैबीसाबाच्या दुकानात आले. खिडकीजवळच्या पाटावर बसले आणि चष्मा पुसायला लागले. वेणीमाधवरावांनी त्यांना पुसू दिला.

"माझ्या पुतणीसाठी एक मुलगा मनात आहे," वकीलसाहेब अखेर म्हणाले. "आमच्याच कचेरीतला. टाइपिस्ट."

"विचारतो की. अहवाल यंत्रावर काढून देऊ का?"

"नको, नको!" वकीलसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हातानंच लिहा. टाइप केलेलं घरात बायकांना खरं वाटत नाही."

वेणीमाधवराव दुसऱ्या दिवशी जुन्या कचेरीत गेले. टाइपिस्ट त्यांना पाहून उठून उभा राहिला आणि बसायला आपली जागा दिली. ते बसले आणि वही उघडली. सहा प्रश्नांची उत्तरं मुलानं सरळ दिली. सातव्यावर म्हणाला, "पहिल्या दिवशी खोलीवर जाऊन आईला पत्र लिहिलं. आज एका गृहस्थांनी माझ्यासाठी नारळ फोडला, आणि माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवलं नाही."

वेणीमाधवरावांनी ते तसंच लिहिलं. खाली एवढंच घातलं: 'स्थळ उत्तम.'

माळशिरसला पत्र गेलं. 'चि. सदाशिव यास आशीर्वाद. गुरं तूच मोजावीस. इकडे सवड नाही.' प्रभा ती वही घेऊन जनाना इस्पितळातल्या नर्सबाईंना भेटून आली आणि आता दुसऱ्यांदा जायचं म्हणते. मथुराक्का म्हणते, जाऊ दे, विचारायला काय जातंय.

वही आता तिसरी चालू आहे. पहिल्या वहीच्या शेवटच्या पानावर वेणीमाधवरावांनी स्वतःचं नाव घातलं आहे, कारण ज्यानं सगळ्यांना विचारलं त्यानं स्वतःलाही विचारावं असं त्यांना वाटलं. कामाला आठ वाजता. वरिष्ठ कोणी नाही. पगार कामागणिक, वेळेवर. प्रकृतीला अपाय नाही, लाडू सोडल्यास. पुढे चढायला जागा नाही. सोडावंसं वाटलेलं नाही. सहा उत्तरं लिहून झाली आहेत. सातव्याचं, घरी कुणाला सांगता याचं, लिहायचं राहिलं आहे.